माहेरची माती, सासरची माती

(राहाता येथे मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला चार शब्द बोलावेत असा निरोप चिटणीसबाईंनी धाडला, तेव्हा विषय कोणता घेऊ असे मी त्यांना विचारले. "तुम्हाला जे ठाऊक आहे ते सांगा," असे उत्तर आले. मला ठाऊक आहे ती शेती, आणि त्यातही पिकापेक्षा माती. म्हणून आज मातीविषयीच बोलणार आहे. विषय रुक्ष वाटला तर क्षमा करा. परंतु ज्या घरात रोज भाकरी थापली जाते, त्या घराला माती परकी नसते.

एका बाबतीत आपण बायका पुरुषांपेक्षा भाग्यवान आहोत. पुरुष एकाच गावच्या मातीत वाढतो आणि तिथेच म्हातारा होतो. आपल्याला मात्र दोन गावांची माती कळते. माझे माहेर आपल्या तालुक्याच्या पश्चिमेकडील एका जिरायत गावी. तिथे चढउताराची, मुरमाड, हलकी जमीन. बाजरी, मटकी, हुलगा ही पिके. पाऊस पडला तर पडला. सासर कालव्याखालचे. तिथे सपाट काळी जमीन, ऊस, गहू, घास आणि पेरूची बाग. लग्न होऊन आले तेव्हा पाटाचे पाणी बारमाही वाहताना पाहून मला वाटले होते, की आता मातीची काळजी मिटली. ती मिटली नाही. माहेरची माती वाहून गेली आणि सासरची माती खारावली. दोन्हीकडे दोष आमचाच होता. ती हकीकत सांगण्यासाठीच मी उभी आहे.

प्रथम माहेरची गोष्ट. पावसाळ्याच्या आरंभी पहिला वळीव पडून गेला, की घराच्या भिंतीकडे पाहावे. जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत चिखलाचे शिंतोडे उडालेले दिसतात. ते कोण उडवते? पावसाचा थेंबच. मोठा थेंब जमिनीवर येतो तेव्हा त्याचा वेग ताशी तीस किलोमीटरच्या घरात असतो. उघड्या, नांगरलेल्या रानावर असे लक्षावधी थेंब आदळतात आणि मातीचे कण सुटे करतात. मग उतारावरून वाहणारे पाणी ते कण उचलून नेते. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याची झीज करण्याची शक्ती चौपट होते. आधी रानाची वरची साल निघते. ती निघताना दिसत नाही, म्हणून कोणी घाबरत नाही. पुढे बोटभर ओघळी पडतात. त्या कुळवाने बुजवल्या जातात आणि माणूस पुन्हा निश्चिंत होतो. शेवटी जेव्हा घळ पडते आणि औत पलीकडे जाईना होते, तेव्हा घरातले बाप्ये डोक्याला हात लावून बांधावर बसतात. तोवर बांधही बहुधा उरलेला नसतो.

किती माती जाते याचा अंदाज १९८३ मध्ये आपल्या देशातील मृदसंधारणाच्या शास्त्रज्ञांनी काढला होता. सबंध देशाचा हिशेब धरला तर वर्षाला सरासरी हेक्टरी १६ टनांहून अधिक. आपल्या भाषेत सांगायचे तर एकरी साडेसहा टन, म्हणजे ट्रॅक्टरच्या दोन भरलेल्या ट्रॉल्या. एकरभर रानावर पसरली तर ही माती जेमतेम जाड पुठ्ठ्याएवढा थर होईल. एका वर्षात ते कोणाच्या ध्यानातही येणार नाही. पण पंचवीस वर्षांत हा थर इंचाहून जास्त भरतो आणि इंचभर माती खडकापासून तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात. ही झाली सरासरी. उतारावरच्या उघड्या रानाचा तोटा याहून कितीतरी जास्त.

त्याच शास्त्रज्ञांच्या हिशेबाप्रमाणे हललेल्या मातीपैकी दहावा हिस्सा धरणांत बसतो, तीस टक्क्यांच्या जवळपास समुद्राला मिळते आणि उरलेली कुठेतरी खाली जाऊन पडते. आपल्या तालुक्याच्या उत्तरेला गोदावरी, दक्षिणेला प्रवरा. दोन्ही नद्यांचे पाणी पुढे पैठणच्या नाथसागरात जाते. म्हणजे माझ्या वडिलांच्या बाजरीच्या रानातला काही भाग आज तिथे तळाशी गाळ होऊन बसला असेल. लेक सासरी जाते ती सणावाराला तरी माहेरी येते. ही माती परतून येत नाही.

१९७२ चा दुष्काळ तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल, बाकीच्यांनी सासूकडून ऐकला असेल. मी त्या वेळी लहान होते. गावच्या शिवारात सरकारी दुष्काळी कामावर माणसांच्या रांगा लागत. त्यात बायका पुष्कळ. दुपारी सुकडी मिळे, घरी मिलोच्या भाकरी असत. माझी आई त्या कामावर होती. समपातळीवर फक्की टाकून आखणी केलेली असे आणि बायका पाट्यांनी माती वाहून त्या रेषेवर टाकत. आमच्या स्वतःच्या रानातून जो बांध गेला, त्यावर आईने स्वतः माती टाकली होती. पुढे १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला, तेव्हाही बांधबंदिस्तीच्या कामावर आपल्या जिल्ह्यातल्या बायकांनी अशाच पाट्या वाहिल्या. महाराष्ट्रात बांध घातले कोणी, असे कोणी विचारले तर ते बायकांच्या डोक्यावरून गेले असे खुशाल सांगावे. सातबाऱ्यावर त्यांचे नाव नव्हते, ही गोष्ट निराळी.

आईच्या त्या बांधाने आमच्या घराला वीस वर्षे बाजरी दिली. बांधाच्या वरच्या अंगाला पाणी थबकत असे, मुरत असे, वाहून आलेली बारीक माती तिथेच बसत असे. त्या पट्ट्यातले कणीस इतर रानापेक्षा नेहमी भरदार. मग भावाभावांच्या वाटण्या झाल्या. बांधाच्या वरचे रान एकाकडे, खालचे दुसऱ्याकडे. दरवर्षी नांगरताना वरचा भाऊ बांधाचे एक तास कोरी, खालचाही कोरी. एका तासाने असे काय होते? पण दोन्हीकडून मिळून वर्षाला वीतभर बांध गेला. सहा फुटांचा बांध काही वर्षांतच हातभर राहिला. त्याच्या कडेचे गवत गेले, शेवरी गेली, आणि पाणी वाहून जायला जो दगडी सांडवा ठेवला होता त्याचे दगड घराच्या पायऱ्यांना गेले. पुढे एका सप्टेंबरात रात्रीतून पाऊस कोसळला. सकाळी पाहतो तो बांध मधोमध फुटलेला, आणि खालच्या रानात कमरेइतकी घळ.

दोघे भाऊ एकमेकांना बोल लावू लागले. आई तेव्हा थकलेली होती. ती बांधावर आली, घळीकडे बघत राहिली आणि एवढेच म्हणाली, "लेकरांनो, मी टाकलेली माती तुम्ही खाल्ली." त्यानंतर कोणी काही बोलले नाही.

भगिनींनो, बांध कोरणे हे आपल्या खेड्यांतले जुने दुखणे आहे. त्यावरून डोकी फुटतात, कोर्टकज्जे होतात, वकिलांच्या घरांवर मजले चढतात. पण भांडण होते ते जमीन कोणाची एवढ्यावरच. बांध हा मातीचा उंबरठा आहे, तो कोरला तर दोघांचीही माती जाते, हे भांडणात कोणी बोलत नाही. ज्याने तास वाढवून घेतले त्याला चार पेंढ्या जास्त मिळतात. जाते ते मात्र सबंध रानाचे सत्त्व.

आता सासरची गोष्ट. ती सांगताना मला अधिक संकोच वाटतो, कारण तिथे मी स्वतः हजर होते.

भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पुरे झाले आणि प्रवरेच्या कालव्यांना बळ आले. गोदावरीचे कालवे नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यावरून त्याआधीच निघाले होते. या पाण्यावर ऊस वाढला, आणि प्रवरानगरला शेतकऱ्यांनी सहकारातून साखर कारखाना उभा केला. त्याचे मोल मी कमी करीत नाही. आपल्या लेकी शिकल्या त्या या पाण्यावरच. पण पाण्यालाही वाट लागते. नीरा व गोदावरीच्या कालव्यांखालच्या जमिनी पाणथळ होऊ लागल्याचे शंभर वर्षांपूर्वीच ध्यानात आले होते, आणि म्हणून निचऱ्याचे चर खणण्याची कामेही त्याच काळात सुरू झाली. आमच्या मळ्याच्या खालच्या अंगालाही असा एक जुना चर होता. तो शेजारच्या रानातून पुढे ओढ्याला मिळत असे.

मळ्यातले एक रान सारखे करण्याचे काम निघाले, तेव्हा घरात बेत ठरला की चर बुजवून टाकावा. तेवढेच तीन गुंठे रान वाढेल. मी माहेरी बांध फुटलेला पाहिलेला होता. मला मनातून ते बरे वाटले नाही. परंतु मामंजी व घरातील इतर मंडळी बोलत होती, मी चहा देत होते, आणि मी गप्प बसले. चर बुजला. तीन गुंठ्यांत दोन वर्षे ऊस छान आला.

पुढे काय झाले ते स्वयंपाकघरातल्या दाखल्याने सांगते. समईतली वात तेल वर ओढते, तशी काळी माती खालचे पाणी वर ओढते. रात्रीच्या पाळीला पाटाचे दार उघडून माणसे झोपी जात. पाणी पिकाला लागते त्यापेक्षा जास्त मुरे, आणि चर नसल्याने त्याला बाहेर वाट नव्हती. जमिनीतल्या पाण्याची पातळी वर वर आली. उन्हाने वरचे पाणी उडून जाई आणि त्यात विरघळलेले क्षार मागे राहत. विहिरीचे मचूळ पाणी आटवले की पातेल्याच्या बुडाला पांढरा थर धरतो, तसा थर रानावर धरला. आधी उसाचे शेंडे पिवळे पडले. मग गव्हाची उगवण ठिगळांची झाली. शेवटी उन्हाळ्यात त्या रानाकडे पाहिले तर मीठ सांडल्यासारखे दिसे. आपल्याकडे गावठाणाला पांढरी म्हणतात आणि शेताला काळी. आमची काळीच पांढरी झाली. तीन गुंठ्यांच्या लोभाने पाऊण एकर गेले.

माती तपासून घेतली, तेव्हा ती नुसती खारवट नसून चोपण होण्याच्या मार्गावर असल्याचे कळले. हा भेद समजून घेण्यासारखा आहे. खारवट जमिनीतले क्षार निचरा करून, वरून चांगले पाणी देऊन धुऊन काढता येतात. चोपण जमिनीत सोडियम मातीच्या कणांनाच चिकटून बसतो. अशी माती ओली असता चिकट आणि सुकली की दगडासारखी. तिला जिप्सम घालावे लागते, तेही तपासणी करून सांगितलेल्या मापाने. पण दोन्हींना पहिले औषध एकच: पाण्याला बाहेर जायला वाट. चर नसताना घातलेले जिप्सम म्हणजे तळ फुटलेल्या रांजणाला बाहेरून रंग देण्यासारखे आहे.

आमचा चर पुन्हा खणायचा तर तो शेजारच्या रानातून जायला हवा होता. आणि शेजाऱ्यांशी आमच्या घरचे बोलणे बांधाच्याच भांडणावरून सात वर्षे बंद होते. आता काय करावे? संक्रांतीचे हळदीकुंकू होते. शेजारीणबाईंना मी बोलावणे केले आणि त्या आल्या. वाण देताना मी विचारले, "तुमच्या खालच्या रानाला पांढरे फुटले का हो?" त्या म्हणाल्या, "दोन वर्षे झाली. तुमचा चर बुजल्यापासून आमचाही तुंबला." दोघींनी एकमेकींकडे पाहिले. बाकीचे बोलणे स्वयंपाकघरात झाले. आठवडाभराने दोन्ही घरांतले पुरुष चराच्या रेषेवर दोरी धरून उभे होते. बोलणे फारसे होत नव्हते, पण दोरी दोघांच्या हातात होती.

चर खणल्याला काही वर्षे झाली. पहिली दोन वर्षे ताग व धैंचा पेरून गाडला. शेणखत घातले. उसाचे पाचट पेटवणे बंद करून ते सरीत कुजवू लागलो. पाणी वाफसा पाहून देऊ लागलो, आवर्तन आले म्हणून नव्हे. आज त्या पाऊण एकरापैकी निम्म्याहून अधिक रानात गहू येतो. उरलेले अजून रुसलेले आहे. बिघडवायला आम्हाला दोन वर्षे लागली, सुधारायला किती लागतील हे मी सांगू शकत नाही. पण बायकोमाणसाने शेतीच्या बैठकीत बोलू नये, असे आमच्या घरात आता कोणी म्हणत नाही.

हे सारे आज सांगण्याला एक कारण आहे. निळवंडे धरणाचे पाणी २०२३ मध्ये डाव्या कालव्याला सुटले. हा कालवा ८५ किलोमीटरचा आहे. पिढ्यान्‌पिढ्या पावसाकडे डोळे लावून बसलेल्या आपल्या तालुक्यातील जिरायत गावांना त्याचा लाभ व्हायचा आहे. त्यात माझे माहेरही आहे. पाणी येणार म्हणून तिकडे आनंद झाला, आणि तो व्हायलाच हवा. या पाण्याची वाट पाहण्यात लोकांची आयुष्ये गेली. पण माझ्या जिवाला घोर लागला आहे. ज्या रानात बांध नाही, त्या उताराच्या रानात पाटाचे पाणी मोकाट सोडले तर पावसाने जे चार महिने केले ते पाणी बारा महिने करील. आणि जिथे सखल काळी जमीन आहे तिथे चर नसेल, तर सासरची कथा माहेरी घडेल. दादाचा फोन आला तेव्हा मी त्याला म्हटले, "आधी बांध नीट कर, पाण्याच्या बाहेर जाण्याची वाट ठेव, मग पाटाचे दार उघड." तो हसला. पण वहिनीने ऐकले आहे, म्हणून मला थोडा धीर आहे.

काम अशक्य नाही, हे आपल्याच जिल्ह्याने दाखवले आहे. नगर तालुक्यातील हिवरे बाजारला १९८९ नंतर पोपटराव पवारांच्या पुढाकाराने गावाने डोंगराच्या माथ्यापासून काम केले. सलग समतल चर खणले, मोकाट चराई व वृक्षतोड बंद केली, शेतीसाठी बोअर घ्यायचे नाहीत असे ठरवले. संगमनेर तालुक्यातील दरेवाडीनेही पाणलोटाचे काम करून उजाड डोंगर पुन्हा हिरवे केले. या गावांनी पाऊस वाढवला नाही. पडला तो थांबवला, आणि त्याच्याबरोबर माती थांबवली.

आता आपण काय करायचे? फार मोठे बेत मी सांगत नाही. शेतात उभे राहून पाहता येतील अशा गोष्टी सांगते.

मृगाच्या आधी एकदा आपल्या रानाच्या बांधावरून स्वतः चालून यावे. कुठे कोरला आहे, कुठे उंदरा-घुशींची बिळे आहेत, सांडवा शाबूत आहे का, हे डोळ्यांनी पाहावे. नांगरट व पेरणी उताराला आडवी होते की उताराच्या दिशेने, हे विचारावे. आडव्या तासात प्रत्येक सरी लहानसा बांधच होते. हलक्या रानात बाजरीबरोबर मटकी किंवा हुलगा असावा, म्हणजे जमीन झाकलेली राहते आणि थेंबाचा मार पानावर बसतो. रब्बी ज्वारीच्या रानात पावसाळ्यात वाफे बांधून ठेवावेत, म्हणजे पाणी जागच्या जागी मुरते. भारी काळ्या रानात मात्र पाणी नुसते अडवून भागत नाही, ते तुंबते व पीक पिवळे पडते. तिथे बांधाला किंचित ढाळ देऊन जादा पाणी सावकाश बाहेर काढावे. बांधावर मारवेल, शेवरी, हादगा लावावा. मुळे मातीला धरतात, पाला शेरडांना होतो आणि हादग्याच्या फुलांची भाजी आपल्याला होते. आणि घरात कोणी चर बुजवण्याची गोष्ट काढली, तर चहाचा ट्रे खाली ठेवून बोलावे.

कोणी म्हणेल, जमीन आमच्या नावावर कुठे आहे? कायद्याने १९९४ मध्ये महाराष्ट्रात आणि २००५ मध्ये देशभर लेकींना वडिलोपार्जित जमिनीत बरोबरीचा हक्क दिला आहे. तो घ्यावा की भावाला सोडावा, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. त्यात मी शिरत नाही. पण माती वाहून जाताना सातबारा पाहत नाही. आईचे नाव कोणत्याच उताऱ्यावर नव्हते, तरी बांध तिचा होता.

शेवटी मंडळाला एक विनंती करते. दर संक्रांतीला आपण वाण म्हणून प्लॅस्टिकच्या वाट्या आणि डबे लुटतो. घराघरांत त्यांचे ढीग झाले आहेत. येत्या संक्रांतीला शेवरीच्या बियांची एकेक पुडी वाण म्हणून लुटावी. पुडी तांदळाच्या डब्याशेजारी जपून ठेवावी आणि पावसाच्या तोंडावर प्रत्येकीने ती आपल्या बांधावर टोकावी. बांध शेजारणीशी सामाईक असेल तर दोघींनी मिळून टोकावी. जिथे शेवरीची ओळ उभी आहे तिथे नांगर सहसा घुसत नाही, हे मी पाहिलेले आहे.

पुढच्या वर्धापनदिनाला कोणाच्या बांधावर किती शेवरी उभी राहिली, एवढेच आपण एकमेकींना विचारू. माझा बांधही त्या वेळी येऊन पाहावा, असे आग्रहाचे आमंत्रण देते.